शीर कापायची का ताणायची

वरची वस्ती, राजूर, ता. भोकरदन
९ जानेवारी २०२४

दुर्गे,

पत्र कुणाचं म्हणून आधी खालचं नाव बघशील, तर बघून घे आणि मंग फाडायचं तर फाड. मी सुगंधा, तुझी थोरली जाऊ. सव्वीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली न्हाई. आता लिहून राह्यले, कारण काम हाये. उगं गोड बोलणार न्हाई, मला येत न्हाई ते.

तुझा पत्ता राधेश्याम मेडिकलवाल्यानं दिला. तो पुतणीच्या पोराला घेऊन संभाजीनगरला तुमच्या दवाखान्यात आल्ता. म्हणला, भुजंगची पहिली बायको तिथं ऑपरेशनच्या थेटरात मावशी हाये, हिरव्या कपड्यात भाईर येताना बघितली. मला वाटलं थट्टा करून राह्यला.

फोन का न्हाई केला म्हणशील. मला आता कमी ऐकू येतं, स्पीकर लावावा लागतो. स्पीकरवर तुझा आवाज या घरात निघाला तर काय व्हईल ते तुला सांगायला नको. भुजंगभावजी इथंच राहतात, आणि तुझ्या मागून केलेली नंदाबी इथंच.

तर काम. माझ्या अंगदला पोरगा झाला. अकरा महिन्यांचा हाये. सांडू नाव ठेवलं, मामंजींचं. डोस द्यायला गेल्तो तर नर्सबाईनं लंगोट काढला आणि म्हणली, आजी, एका बाजूची पिशवी मोकळी हाये. मी म्हणलं थंडीनं गोटी वर चढली असंल, उतरंल. ती म्हणली, चढलेली हाताला लागती, ही लागतच न्हाई. मंग जालन्याला नेलं. सोनोग्राफीतबी दिसली न्हाई. डॉक्टर म्हणला, पोटात अडकून राह्यली, नायतर नसंलच. दुर्बिणीनं बघावं लागंल.

दुर्गे, अकरा महिने मी त्या पोराला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. रोज. तेल चोळलं, शेक दिला, आणि मला दिसलं न्हाई! मी माझ्याच हाताकडं बघत बसले दोन दिवस.

जालन्याच्या डॉक्टरनं तुमच्याच दवाखान्याची चिठ्ठी दिली. ऑपरेशनच्या दोन तऱ्हा असतात म्हणला. सून शीतल नुसती मान हालवत होती, तिलाबी काही कळलं न्हाई. तू मला सरळ सांग. पोट फाडतात का? पोरगं वाचतं ना? पुढं त्याला लेकरंबाळं व्हतात ना?

तू म्हणशील मी का सांगू. नको सांगू मंग. पण त्या पोरानं तुझं काय वाईट केलंय?

सुगंधा


छत्रपती संभाजीनगर
१७ जानेवारी २०२४

सुगंधाबाई,

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं. तुमचं अक्षर पहिल्यांदाच बघितलं. सात वर्षं एका चुलीवर होतो, पण एकमेकींना लिहायची वेळ कधी आली नव्हती.

मी इथे मावशी आहे हे खरं. थेटर पुसते, कपडे धुवायला देते, झोपेचं औषध लागेपर्यंत बाळाला टेबलावर धरून ठेवते. अकरा वर्षं तिथल्या पडद्याकडे बघतेय. तरी मी डॉक्टर नाही. माझ्या सांगण्यावर सही करू नका. विचारलंत म्हणून सांगते.

पोट फाडत नाहीत. बेंबीजवळ बोटाच्या पेराहून लहान छेद देतात, त्यातून दुर्बीण आत जाते आणि पोटातलं सगळं समोर टीव्हीवर दिसतं. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा गोटी वर मूत्रपिंडाजवळ तयार होते, मग हळूहळू खाली पिशवीत उतरते. सांडूची वाटेत थांबली असणार. ती किती वर थांबली त्यावर पुढचं ठरतं. खाली असली तर एकाच वेळी उतरवतात. वर असली तर दोन वेळा ऑपरेशन करावं लागतं, मध्ये काही महिने थांबून. त्याच्या रीती दोन आहेत. कशा, ते डॉक्टरच नीट सांगतील.

एक गोटी बराबर असली तरी लेकरं होतात. पण म्हणून दुसरी पोटात ठेवायची नसते. पोटातल्या उष्णतेनं ती खराब होते आणि मोठेपणी तिच्यात कर्करोगाची गाठ होऊ शकते. शक्यतो दीड वर्षाच्या आत करतात. लांबवू नका.

मंगळवारी तपासणी असते. मोठे डॉक्टर तुम्हाला विचारतील, कुळात आणखी कुणाला असं होतं का. दरवेळी कुळातून येतं असं नाही, पण विचारतात. तेव्हा खरं सांगा.

आणि घरात माझं नाव घेऊ नका.

दुर्गा


वरची वस्ती, राजूर
१ फेब्रुवारी २०२४

दुर्गे,

तू मला सांगितलं का न्हाई? शीर कापतात हे तू मला का न्हाई सांगितलं?

परवा मंगळवारी मी, अंगद आणि शीतल तुमच्या दवाखान्यात आल्तो. तू कुठं दिसली न्हाईस. त्या मोठ्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढलं. पोट काढलं, गोटी काढली, तिच्यापासून वर एक रेघ काढली. म्हणला, आजी, ही रक्ताची शीर, ही आखूड पडती. पहिल्या ऑपरेशनला ही आपण बंद करून कापायची, सहा महिने थांबायचं, मंग गोटी खाली आणायची. आणि पेनानं त्या रेघेवर फुली मारली.

मी तिथंच उभी राह्यले. पोरगा खुर्चीवर पाय हालवून राह्यला आणि हा माणूस म्हणतो शीर कापायची!

आम्ही धनगराची माणसं, दुर्गे. तूबी सात वर्षं वाड्यावर मेंढरं बघितली. कडूबाचा चिमटा इसरलीस का? बोकड खच्ची करायचा म्हणजे काय करतो तो? चामडीला धक्का न लावता आतली शीर चेपतो. बस. महिन्याभरात गोटी वाळून शेंगेतल्या दाण्याएवढी व्हती. मी हजार बोकडं खच्ची करताना पाय धरलेत. आणि मला सांगतात शीर कापली की गोटी खाली येती! येईल ना. वाळून येईल.

घरी आल्यावर कडूबाला गाठलं. पोराचं नाव घेतलं न्हाई. इचारलं, कडूबा, नुसती शीर तोडली आणि बाकीचं सोडलं तर? तो हसला. म्हणला, वहिनी, म्हातारपणी हे काय डोक्यात घेतलं? शीर गेली म्हणजे माल गेला.

अंगदला मी दवाखान्यातच सांगितलं होतं, उठ. पोरगा काखेत घेतला आणि भोकरदनच्या गाडीत बसले. डॉक्टर मागून काहीतरी सांगत होता, दुसरी ताणायची रीत हाये म्हणून. मी ऐकलं न्हाई. एकदा फुली मारल्यावर दुसरं काय ऐकायचं?

आणि हो, कुळाचं इचारलं त्यानं. मी सांगितलं, कुणाला न्हाई. खरं ते सांगितलं.

आता एक इचारते, आणि डोळ्याला डोळा लावून इचारल्यासारखं समज. तू त्या दवाखान्यात अकरा वर्षं. डॉक्टर तुझ्या ओळखीचा. पोरगा कुणाचा ते तुला ठाऊक. मी तुला वांझ म्हणून घालवली, ते तू इसरली न्हाईस. आता आमच्या घराचं बी बंद करायचं ठरवलंस का तू?

सुगंधा


छत्रपती संभाजीनगर
१० फेब्रुवारी २०२४

सुगंधाबाई,

तुमचं पत्र हातात घेऊन मी कपडे बदलायच्या खोलीत जमिनीवर बसले. मला वाटलं होतं, तुमचं मला जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालंय.

आधी पोराचं. नीट वाचा, शीतलला पण वाचून दाखवा.

कडूबाचा चिमटा बाहेरून अख्खी दोरी चेपतो. त्या दोरीत जेवढं काही गोटीला जातं तेवढं सगळं. मोठी शीर, बारकी शीर, बीजाची नळी, काही सुटत नाही. म्हणून वाळते. बाळाच्या पोटात तसं करत नाहीत. गोटीला रक्त एका वाटेनं येत नाही. मोठी शीर वरून येते, ती आखूड. दुसरी बारकी शीर बीजाच्या नळीला लगटून खालून येते. डॉक्टर वरची मोठी शीर गोटीपासून लांब बंद करतात आणि खालच्या बारकीला हातसुद्धा लावत नाहीत. मग सहा महिने थांबायचं ते याचसाठी. मोठी बंद झाली की बारकी जाड होत जाते. तिच्यावर गोटी जगली, की दुसऱ्या वेळी नळीसकट खाली आणतात. ही कापायची रीत.

दुसरी ताणायची. तिच्यात काही कापत नाहीत. गोटी मोकळी करून पोटातल्या पोटात दुसऱ्या बाजूला ओढून नेतात आणि पोटाच्या भिंतीला टाका मारून ठेवतात. आतडी तिच्या शिरेवर पडून राहतात, त्या वजनानं शीर हळूहळू लांबते. तीन महिन्यांनी टाका सोडून खाली आणतात. मोठी शीर शाबूत राहते, हा तिचा फायदा. पण गोटी फार वर असली तर तेवढी ओढली जात नाही. कधी टाका सुटतो आणि सगळं पहिल्यापासून.

मी दोन्ही बघितल्यात. ताणलेल्यात टाका सुटून परत आलेली पोरं बघितली. कापलेल्यात दुसऱ्या वेळी दुर्बीण घातली आणि गोटी वाळलेली निघाली, तेही बघितलं. आणि दोन्हीत चांगली निघालेली त्याहून किती तरी जास्त. मोठे डॉक्टर आणि धाकटे डॉक्टर या गोष्टीवरून चहाच्या खोलीत अजून भांडतात. धाकटे म्हणतात, जमतंय तिथे ताणायची, मोठी शीर कशाला गमवायची. मोठे म्हणतात, शीर फार ताणली तर ती पण बंद पडते, मग काय? कुठल्या पोराला कुठली, ते आत बघितल्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. मी लपवलं म्हणालात. हो, लपवलं. शीर कापायची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर चिमटा येईल हे मला ठाऊक होतं. मला पण पहिल्यांदा तोच आला होता. वाटलं, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर पटेल. माझं चुकलं.

आता दुसरं.

डॉक्टरांनी कुळाचं विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. सुगंधाबाई, मी सात वर्षं त्या माणसाची बायको होते.

लग्नात मी सतरा वर्षांची. पुरुषाला काय असतं, काय नसतं, मला कुणी सांगितलं होतं? मला वाटलं असंच असतं. तुम्ही, सासूबाई, वस्तीवरच्या बाया मला वांझ म्हणायच्या, मी पण स्वतःला तेच म्हणायचे. नवससुद्धा मीच केले.

या दवाखान्यात लागून दुसरा महिना होता. टेबलावर तीन वर्षांचं पोरगं. दोन्ही बाजूंनी पिशवी मोकळी, चपटी. डॉक्टर शिकाऊ मुलांना सांगत होते, दोन्ही पोटात राहिल्या तर पोरगा मोठा होतो, मिशा फुटतात, आवाज फुटतो, संसार करतो, फक्त मूल होत नाही. माझ्या हातातला ट्रे खाली पडला. सगळे माझ्यावर ओरडले.

भुजंगच्या दोन्ही नव्हत्या, बाई. तसल्या पिशव्या मी सात वर्षं बघितल्या होत्या.

आणि नंदाला पंचवीस वर्षांत काय झालं? एक सोडली, दुसरी केली, दोघी वांझ. कुणी एकानं तरी बोटं मोजायची होती.

डॉक्टरांना खरं सांगा. आणि त्या माणसाला पण एकदा तपासून घ्यायला सांगा. पोटात राहिलेल्या गोटीची भीती या वयातही असते. मी हे त्याच्यासाठी लिहीत नाही. मला माहीत आहे आणि मी सांगितलं नाही, असं व्हायला नको.

सांडूला चौदा महिने व्हायच्या आत आणा.

दुर्गा


वरची वस्ती, राजूर
४ मार्च २०२४

दुर्गे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी पहिल्या दिवशी ते चुलीत घालायला नेलं. परत काढलं. एक कोपरा जळाला.

सासूबाई भुजंगभावजीला दहा-बारा वर्षांचा होईस्तोवर स्वतःच न्हाऊ घालायची, हे मला एकदम आठवलं. मी नवी नवरी. म्हणलं, आत्याबाई, मोठा पोरगा हाये, त्याचा तो करील की. तर अशी वसकन अंगावर आली माझ्या. मला वाटलं धाकटा म्हणून लाड. लाड न्हवते ते, दुर्गे! तिला ठाऊक होतं.

तरी मला खात्री करायची होती. कुणाला इचारणार? मालकाला इचारलं असतं तर त्यांनी नुसतं खाकरलं असतं. मंग मी सरळ वाड्यावर गेले. दुपारची येळ. भावजी एका मेंढीचा खूर साफ करत बसले होते, नंदा पाण्याला गेल्ती. मी म्हणलं, "भावजी, एक इचारते, राग येऊ द्या नायतर काही येऊ द्या. तुम्हाला गोट्या हायेत का न्हाईत?"

खुरातली काडी तशीच ऱ्हायली. वर बघितलं न्हाई त्यांनी. म्हणले, "वहिनी, तुम्हाला येड लागलं का?"

म्हणलं, "लागंल. आधी सांगा."

मेंढी तेवढी धडपडून राह्यली. मंग म्हणले, "आई म्हणली होती, उतरतील. कुणाला बोलू नको, उतरतील."

"आणि न्हाई उतरल्या तर?"

"तवर लगीन झालं होतं."

ऐकलंस का दुर्गे? तवर लगीन झालं होतं! त्या माणसाला ठाऊक होतं. तुला मी एसटीत बसवून दिली, तुझ्या भावाला म्हणले की खराब माल परत घेऊन जा, तेव्हा हा माणूस फाट्यावर पाच हातांवर उभा होता. तोंड उघडलं न्हाई. आणि वरसाच्या आत नंदाला बाशिंग बांधून घेऊन आला. मला वाटत होतं याला बायका वांझ निघाल्याचं दुःख झालंय.

मी म्हणलं, "दोन बायांना खाल्लं तुम्ही." तर म्हणतो, "बोलून काय झालं असतं?" एवढंच. परत खूर धरला.

मी तिथून निघाले, आणि वाटेत नंदा डोक्यावर हंडा घेऊन येताना दिसली. म्हणली, बाई, तोंड का असं झालं तुमचं? मी म्हणलं, ऊन लागलं. मी तिला सांगितलं न्हाई. का न्हाई सांगितलं ते मला इचारू नको.

तुला माफ कर म्हणायला माझं तोंड न्हाई, आणि कागदावर लिहून काय व्हतं? ते ऱ्हाऊ दे.

पोराला १९ तारखेला आणतोय. डॉक्टरला सांगते, माझ्या दिराला दोन्ही न्हाईत. शिरेचं काय करायचं ते त्यांना आत बघून ठरवू दे. मला अजूनबी भ्या वाटून राह्यलं. रोज चिमटाच दिसतो. पण आता मला वाटतं, मला जे जे पक्कं ठाऊक होतं ते सगळंच तपासून घ्यायला पाहिजे.

सुगंधा


छत्रपती संभाजीनगर
२२ मार्च २०२४

सुगंधाबाई,

सांडू आता घरी पोचला असेल. टाके भिजू देऊ नका. तीन-चार दिवस किरकिर करेल, मग विसरेल.

आत काय झालं ते डॉक्टरांनी तुम्हाला घाईत सांगितलं असेल, म्हणून मी बघितलं तसं लिहिते. बेंबीतून दुर्बीण गेली. आधी वाटलं गोटी नाहीच. मग आतडी बाजूला केली तर पार वर, मूत्रपिंडाच्या खालच्या अंगाला दिसली. गुलाबी. बारकी, पण घडण चांगली. धाकटे डॉक्टर म्हणाले, सर, ताणून बघू. मोठ्यांनी नाही म्हटलं नाही. गोटी हलकेच धरून पलीकडच्या बाजूला नेऊन बघितली. अर्ध्यातच शीर तारेसारखी ताठ झाली आणि गोटी पांढरी पडली. त्यांनी लगेच सोडली. पुन्हा गुलाबी होईपर्यंत मी पडद्यावरची नजर हलवली नाही. मग मोठ्यांनी शिरेवर दोन क्लिपा लावल्या आणि मधून कापली. खालची बारकी शीर नळीच्या कडेनं नीट दिसत होती, तिला धक्का लागला नाही.

आता सप्टेंबरपर्यंत थांबायचं. बाहेरून तुम्हाला काहीच फरक दिसणार नाही. पिशवी मोकळीच राहील. म्हणून घाबरू नका, आणि म्हणून परत आणायचं टाळू नका. पुष्कळ लोक इथेच चुकतात. पहिलं झालं, काही उतरलं नाही, म्हणजे फुकट गेलं असं समजून दुसऱ्याला येतच नाहीत.

एक राहिलं. थेटराच्या दारात बाळाला घ्यायला जी मावशी आली, टोपी आणि मास्क लावलेली, ती मी होते. तुम्ही मला ओळखलं नाही. तुम्ही माझ्या हातात बाळ दिलंत, माझं मनगट घट्ट धरलंत आणि म्हणालात, "मावशी, आमचा एकच हाये हो, सांभाळून धरा." मी हो म्हटलं. आवाज पण ओळखला नाहीत.

मी सांभाळून धरला.

दुर्गा


वरची वस्ती, राजूर
१४ सप्टेंबर २०२४

दुर्गे,

ती तू होतीस! मार्चात ते वाचलं आणि माझी चूल विझली तरी मला कळलं न्हाई. सहा महिने लिहायला हात उचलला न्हाई. ज्या हाताला धरून फाट्यावर ओढत नेलं तोच हात मी परत धरला, आणि मला कळलंसुद्धा न्हाई.

२४ ला येतोय. सहज येत न्हाई, घरात भांडण करून येतोय. तू म्हणलीस तसंच झालं. अंगद म्हणतो, आई, एकदा कापलं, काय उतरलं? आता पोरगं पळतंय, खेळतंय, कशाला परत टोचायचं. शीतल रडती. कडूबानं कुठून तरी ऐकलं, तो वस्तीभर सांगत सुटला की सुगंधीनं नातू खच्ची करून आणला. मी त्याच्या वाड्यावर जाऊन त्याला सांगितलं, चिमटा आण, तुझ्यावरच दाखवते फरक काय असतो. आता गप हाये.

पण खरं सांगू? माझंबी मन खातंय. आत वाळली असली तर? शीर मीच कापू दिली. अंगद नको म्हणत होता.

या येळी दारात आलीस की मास्क काढ. एवढंच सांगणं हाये.

सुगंधा


वरची वस्ती, राजूर
१२ नोव्हेंबर २०२४

दुर्गे,

त्या दिवशी तू मास्क काढलास आणि मला एक शब्द सुचला न्हाई. माझं तोंड बंद पडायची ही पहिलीच येळ. तूबी काही बोलली न्हाईस, पोरगा घेतलास आणि आत गेलीस. बरं केलंस.

जालन्याला गेल्या आठवड्यात दाखवलं. डॉक्टरनं सोनोग्राफीच्या मशीनवर रंग लावून बघितलं. गोटीत रक्त फिरतंय. लाल-निळं हालताना मी स्वतः बघितलं, नाकावर चष्मा चढवून. म्हणला, दुसरीपेक्षा बारकी हाये, वाढंल का न्हाई ते आता सांगता येत न्हाई, दर वरसाला दाखवा, पण जिती हाये आणि जागेवर हाये. मी तिथंच खुर्चीत बसले. अंगद म्हणला, आई, रडून राह्यली का? म्हणलं, गप ऱ्हाय.

सांडूचं बराबर झालं. हे तुझ्यामुळं झालं, ते मी लिहून ठेवते.

आता पुढचं वाच, आणि उभी असशील तर बस.

रविवारी राजूरला गणपतीपुढं सांडूचं जावळ काढलं. ऑपरेशनांमुळं लांबलं होतं. पन्नासेक माणूस. न्हाव्यानं वस्तरा लावायच्या आधी पोरगा मांडीवर कुणी घ्यायचा म्हणून चाललं. सांडूचा मामा, शीतलचा भाऊ, आला न्हवता. नंदा जवळ बसली होती, पोरगा तिच्याकडं झेपावला. लई लळा हाये त्याला तिचा. तिनं उचलला, तर माझी नणंद म्हणली, "अगं, तू नको. आज तरी नको. वांझेच्या मांडीवर जावळ काढतात का?" आणि नंदानं पोरगा खाली ठेवला. लगेच. सवयीनं. तोंडावरची रेघसुद्धा हालली न्हाई तिची.

माझ्या डोक्यात काय झालं मला ठाऊक न्हाई. मी उभी राह्यले आणि बोलले. सगळ्यांसमोर. म्हणलं, वांझ कुणी न्हाई इथं. वांझ असंल तर तो बसलाय, खांबाला टेकून. त्याला दोन्ही न्हाईत. जन्मापासून न्हाईत. त्याला ठाऊक होतं, त्याच्या आईला ठाऊक होतं, आणि दोन बायांचं वाटोळं केलं. सांडूलाबी तेच होतं, म्हणून दोनदा कापून आणला. इचारा त्याला!

भुजंगभावजी उठले आणि चपला न घालताच निघून गेले. न्हावी वस्तरा हातात धरून माझ्याकडं बघतच ऱ्हायला. मालक म्हणले, "अगं, देवाच्या दारात काय बोलून राह्यलीस?" म्हणलं, देवाला ठाऊकच हाये.

मला वाटलं नंदा रडंल. माझ्या गळ्यात पडंल. मला तसंच वाटलं, दुर्गे, खोटं कशाला बोलू? मी तशी तयारीत उभी होते.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि इचारलं, "बाई, तुम्हाला कवापासून ठाऊक हाये?"

मी म्हणलं, "मार्चपासून."

ती म्हणली, "आठ महिने?"

आणखी काही न्हाई. आठ महिने, एवढंच. आठ महिन्यांत तिला किती वेळा माझ्यासमोर वांझ म्हणलं असंल कुणी, मी मोजायला बसले आणि सोडून दिलं. कधी मीच म्हणले असंन. जिभेला वळण लागलेलं.

काल दिवसभर तिनं भाकऱ्या केल्या, वाडा झाडला. संध्याकाळी माझ्यापुढं येऊन उभी ऱ्हायली आणि म्हणली, दुर्गाबाईचा पत्ता द्या. मी म्हणलं, कशाला? तर म्हणली, "तुम्हाला सांगून जायला पाहिजे का?" मी गप लिहून दिला. आज सकाळी पहिल्या गाडीनं गेली. अंगद अडवायला निघाला होता, मी त्याला धरलं.

हे पत्र टपालानं येईल. ती त्याच्या आधी तुझ्या दारात येऊन उभी असंल. परत येईल का न्हाई मला ठाऊक न्हाई, आणि यायला पाहिजे असं मी म्हणणारबी न्हाई.

ती माझ्याबद्दल इचारंल. फाट्यावर मी तुला काय बोलले, तुझ्या भावाला काय बोलले, ते तिला सांग. कमी करून सांगू नको.

सुगंधा